ऑसिलोस्कोपची अनोळखी फाइल

ऑसिलोस्कोपवर साठवलेला तरंग पेन ड्राइव्हवरून संगणकावर नेला की पुष्कळदा ती फाइल उघडतच नाही. नोटपॅडमध्ये सुरुवातीला काही ओळखीचे शब्द दिसतात आणि पुढे नुसती विचित्र चिन्हे. याचे कारण असे, की उपकरण बहुधा व्होल्ट लिहीतच नाही. सिग्नलचे अंकांत रूपांतर ८ बिटांत होत असेल, तर उभ्या अक्षावर २५६ पातळ्या असतात. फाइलमध्ये प्रत्येक क्षणाच्या पातळीचा फक्त क्रमांक जातो.

एक्स्टेन्शनवर विसंबणे धोक्याचे. डब्ल्यूएफएम हे एक्स्टेन्शन टेक्ट्रॉनिक्स वापरते आणि रिगोलही, पण आतली मांडणी निराळी. त्यापेक्षा फाइलची प्रत काढून ती हेक्स एडिटरमध्ये पाहावी. आरंभी ‘वेव्हडेस्क’ ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर फाइल लेक्रॉयची समजावी.

शिकायला सर्वांत सोयीची टेक्ट्रॉनिक्सची आयएसएफ फाइल, कारण तिचा हेडर साध्या मजकुरात असतो. एका बिंदूला किती बाइट, दोन बिंदूंमध्ये किती सेकंद, एका पातळीचे किती व्होल्ट, हे सारे तिथे वाचता येते. मग ‘#४५०००’ असे काही येते. त्यातला ४ हा पुढच्या संख्येत किती अंक आहेत ते सांगतो आणि ५००० हे डेटाचे बाइट. बिंदूला दोन बाइट असतील, तर बिंदू २,५००.

खरी गफलत इथेच होते. दोन बाइटांचा क्रम उलटा धरला, तर १ चे २५६ होतात. ऋण संख्या धन म्हणून वाचल्या, तर शून्याखालचा तरंग तुटून वर चढतो. आलेखाची अशी मोडतोड दिसली, की आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

क्रमांक हाती आले, की त्यातून ऑफसेट वजा करून पातळीच्या किमतीने गुणायचे आणि शून्यपातळीचे व्होल्ट मिळवायचे. क्रमांक १२५, ऑफसेट २५, किंमत ०.००४ व्होल्ट आणि शून्यपातळी ० असेल, तर उत्तर ०.४ व्होल्ट. लेक्रॉयमध्ये आधी गुणाकार, मग वजाबाकी. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीत हे चार-पाच ओळींत होते आणि निकाल सीएसव्हीत लिहिता येतो. ती फाइल मूळ फाइलच्या कितीतरी पट फुगते आणि हेडरमधली माहिती मागेच राहते, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये.

पडताळणीसाठी स्कोपच्याच प्रोब जुळवणीच्या टोकावरचा चौकोनी तरंग साठवावा. तो बहुतेक स्कोपवर १ किलोहर्ट्झचा असतो. रूपांतरानंतर त्याचा आवर्तकाल १ मिलिसेकंद आला आणि उंची पडद्यावरच्या मापाशी जुळली, तर दोन्ही अक्ष बरोबर वाचले गेले.