कारंज्याहून उपनगरांत

वर्धा जिल्ह्यांतील कारंजा (घाडगे) हें नागपूर–अमरावती हमरस्त्यावरील, संत्र्यांच्या मुलखांतलें गांव. मुलांच्या शिक्षणार्थ तेथून नागपुरास बिऱ्हाड हलवावें, तों निराळेंच जग लागतें. १९३६ च्या कायद्यान्वये निघालेल्या नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें आंखलेल्या वसाहतींत रस्ते सरळ व हवा मोकळी खरी. पण प्रत्येक घराभोंवतीं कुंपण! गांवीं ओसरीवर बसलेल्या आजोबांशीं येणारा-जाणारा चार शब्द बोले. येथें दुपारभर फाटकाची कडी वाजत नाहीं. सुनेस मात्र हाच निवांतपणा हवासा वाटतो, आणि तिचें म्हणणें खोटें कसें म्हणावें? वाड्यांत तिला घटकाभर उसंत नव्हती. शेजारणीचें नांव तिला ठाऊक नाहीं, याची खंत तिच्यापेक्षां सासूबाईंनाच अधिक. आजोबा तर रोज कारंज्याच्या एस. टी. ची वेळ विचारून ठेवतात.