मुळेचे दोन समुद्र

मुळा नदीचं पाणी कोणत्या समुद्राला मिळतं? सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न आला तर पाठांतर पक्कं असलेली मुलं एका दमात सांगतील: मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. गुण मिळतील, उत्तर मात्र अर्धंच. मुळशीच्या धरणात अडणारं बरंचसं पाणी पूर्वेकडे येतच नाही. ते सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरतं, भिऱ्याच्या वीजकेंद्रातली चक्रं फिरवतं, कुंडलिका नदीत पडतं आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जातं. नदी एक, समुद्र दोन.

हा प्रकार नीट समजून घ्यायचा तर पुणे जिल्ह्यातल्या चांदे गावाजवळ उभं राहून पश्चिमेकडे पाहावं. चांदे हे मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगाचं गाव. शेजारच्या नांद्यासकट त्याचं नाव घ्यायची पद्धत आहे: नांदे-चांदे. धरणातून सुटलेली मुळा पौडवरून याच भागातून वाहत पुढे बालेवाडी-वाकडकडे जाते. इथून सरळ रेषेत मोजलं तर अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरतो, कृष्णेचं मुख त्याच्या दहापट लांब. तरीही नदी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून लांबचा रस्ता धरते. दापोडीला तिला पवना मिळते, पुण्यात संगमावर मुठा मिळते. मग भीमेच्या अंगाने उजनी, पंढरपूर, कर्नाटक, आणि पुढे कृष्णेबरोबर श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा. हजार किलोमीटरहून मोठा प्रवास.

याचं कारण पायाखालच्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, तोही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या खडकाखाली आहे. मुळशीत रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की थांबून पाहावं. वर मुरूम, खाली घट्ट काळा पाषाण, मध्ये कुठे पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्याची माती होऊ लागली होती आणि तेवढ्यात दुसरा वरून आला, त्याची ती खूण. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वाफेच्या पोकळ्यांमध्ये पुढे स्फटिक वाढले. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीच्या खाणींत सापडलेले निळे कॅव्हनसाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खडी फोडणाऱ्या गावाची ही कीर्ती पुण्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

या पठाराचा पश्चिमेकडचा काठ तुटलेला आहे आणि पूर्वेकडचा उतार अगदी सावकाश. तो तुटलेला काठ म्हणजे सह्याद्री. कोकणातून पाहिलं तर भिंत, देशावरून पाहिलं तर शेवटपर्यंत चढ जाणवूही नये असं पठार. घाटमाथ्याच्या पलीकडे पडलेला थेंब काही तासांत खाडीला लागतो. अलीकडे पडला की त्याला अर्धा भारत ओलांडावा लागतो.

पाऊसही याच भिंतीचा हिशेब ठेवतो. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही, पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो आणि आणखी पूर्वेला, दौंड-बारामतीकडे, त्याहूनही कमी. एकाच जिल्ह्यात, दीडशे किलोमीटरच्या आत, इरलं पांघरून चिखलात भात लावणारा शेतकरी आहे आणि टँकरची वाट पाहणाराही. चांदे या दोहोंच्या मध्ये, पण भाताच्या बाजूला. पश्चिम मुळशीत उन्हाळ्यात रोपांसाठी राब भाजायचा, आषाढात आवण, म्हणजे भातलावणी, करायची आणि खाचराचे बांध जपायचे, ही जुनी रीत. मावळ-मुळशीचा आंबेमोहर पुण्याच्या घरांत सणासुदीला शिजतो तो याच पावसाच्या जिवावर.

घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या या नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात. पौड मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं, कोरबारसे, पवन मावळ अशी त्यांची नावं. प्रत्येक खोऱ्याला तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूने वाट, आणि त्या वाटेवर कुणा ना कुणा देशमुखाचा अंमल. शिवाजी महाराजांनी स्वराज्याची सुरुवात इथून केली, यात निष्ठेइतकाच भूगोलाचाही वाटा आहे. कोकणातल्या बंदरांतून देशावर येणारा माल घाटवाटांनी चढायचा आणि त्या वाटांवर नजर ठेवायला कोराईगड, घनगड, कैलासगड असे किल्ले होते. तिन्ही आजच्या मुळशी तालुक्यात. कोराईगडाची तटबंदी अजून जवळपास सलग आहे, तिच्यावरून चालत पूर्ण फेरी मारता येते. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला.

घाट ज्याच्या ओळखीचा, लढाई त्याची. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी मोगल फौज घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. खाली उंबरखिंडीत दाट रान, अरुंद वाट, पाण्याची चणचण. मराठ्यांनी पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा अडवल्या आणि खानाला शरण यावं लागलं.

अडीचशे वर्षांनी याच कड्याचा दुसरा उपयोग कुणाच्या तरी ध्यानात आला. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत होत्या. माथ्यावर एवढा पाऊस आणि खाली पाचशे मीटरचा उभा उतार असेल, तर पाणी वर अडवून नळातून खाली सोडलं की वीज तयार. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला हे करून दाखवलं. मग भिवपुरी झालं आणि त्यानंतर नीळा-मुळेच्या संगमावर मुळशीचं धरण. त्यात सुमारे पन्नास गावं बुडणार होती.

मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पुण्याहून न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांच्यासारखी मंडळी पाठीशी आली. पण लढ्याला चेहरा मिळाला तो पांडुरंग महादेव बापट यांचा. पारनेरचा हा हुशार विद्यार्थी शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला गेला होता आणि पॅरिसमध्ये बाँबची कृती शिकून परतला होता. मुळशीने त्यांना ‘सेनापती’ केलं. सत्याग्रह पुढे थकला, तेव्हा बापटांनी कामावरच्या रेल्वेची वाट अडवली, शस्त्रही वापरलं आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण व्हायचं ते झालं. १९२७ मध्ये भिऱ्याहून मुंबईला वीज जाऊ लागली.

या लढ्याची एक बाजू भाषणांतून सहसा सांगितली जात नाही. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. त्या सावकारांना जमिनीपेक्षा भरपाईत रस होता आणि कुळाला भरपाईतून फारसं काही हाती लागणार नव्हतं. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीच्या लढ्यावर इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं आहे आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. पुण्यात सेनापती बापटांच्या नावाचा रस्ता आहे. मुंबईतही आहे, आणि तो लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या दारावरून जातो. नाव देणाऱ्यांनी हा योग जुळवून आणला असेल असं वाटत नाही.

जमिनीचा प्रश्न मुळशीला तेव्हापासून चिकटलेला आहे. हिंजवडी आणि माण, जिथे आज संगणक कंपन्यांचे मनोरे उभे आहेत, तीही या तालुक्यातलीच गावं. २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने जमीन विकून आलेला पैसा आणि तो संपल्यावरचं गाव पडद्यावर आणलं. चांदे-नांदे परिसरातही खाचरांशेजारी इमारती आल्या आहेत.

पाणी पूर्वेचं पश्चिमेला नेण्याचा हा प्रयोग मुळशीवर थांबला नाही. कोयनेचं पाणी पोफळीला उतरून वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. उलटा प्रयोगही देशात आहे: केरळातल्या पश्चिमवाहिनी पेरियारचं पाणी १८९५ पासून डोंगराखालच्या बोगद्यातून तामिळनाडूत, वैगेच्या खोऱ्यात वळवलं जातं. ऑस्ट्रेलियाने १९४९ नंतर स्नोई नदीचं पाणी पर्वतापलीकडच्या कोरड्या शेतीकडे असंच फिरवलं. प्रत्येक ठिकाणी खालच्या अंगाला राहणारे विचारतात, आमचं पाणी कुठे गेलं? कृष्णेच्या खोऱ्यात या भांडणासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आलं. घाटाखाली उतरणारं पाणीही त्या हिशेबात धरलेलं आहे.

टाटांच्या धरणांतलं पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडावं, अशी मागणी आता दुष्काळाच्या प्रत्येक वर्षी होते. सोलापूर, इंदापूर, दौंड यांच्या बाजूने ती रास्तच आहे. मात्र शंभर वर्षांत पश्चिमेलाही माणसं या पाण्याला लागली आहेत. रोहा-कोलाडची शेती, धाटावचे कारखाने आणि कुंडलिकेतलं राफ्टिंग, सगळं भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं. भर उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या इतर नद्यांची पात्रं उघडी पडलेली असतात, तेव्हाही कोलाडला सकाळी पाणी सुटलं की रबरी होड्या निघतात.