रसायनांचे जहाज आणि धानाचे कोठार

भंडारा समुद्रापासून दूर. मग येथे जहाजाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ हे मालवाहू जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन कलंडले. तेल सांडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले. काहींत ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे कीटकनाशक होते. धान्यातील कीड मारण्याच्या गोळ्या याच द्रव्याच्या असतात. ओल लागताच त्यातून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. कोठारात हवेची ओल पुरते, तेथे तर अवघा समुद्र होता. म्हणून कोणत्या पेटीत काय आहे, हे बचावास जाणाऱ्यांना आधी कळले पाहिजे. आम्हीही तेवढेच लक्षात ठेवू : या गोळ्या निजण्याच्या घरात कधीही ठेवू नयेत.