डेक नसलेली विमानवाहू जहाजं

सातारा-सांगलीकडच्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी दिसते: गावातून किती जण लढाईला गेले, किती तिकडेच राहिले. पाटी वाचून ती लढाई म्हणजे नुसते खंदक आणि बंदुका, असं वाटतं.

पण त्या लढाईत विमानंही होती. इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये त्यांना विमानातून रसद टाकली गेली. तिथे पाण्यावरून उडणारी विमानंही होती, पण ती विमानवाहू जहाजावरून उडाली हा गैरसमज. ती उडाली तैग्रिस नदीच्या पाण्यावरून. पंधरवड्यात साधारण १९ हजार पौंड माल पडला. उपाशी तोंडं होती हजारो. कुत पडलंच.

दुसरा गैरसमज ‘विक्रांत’मुळे होतो. विमानवाहू म्हटलं की लांबलचक डेक डोळ्यांपुढे येतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानवाहू जहाजांपैकी बहुतेकांना धावपट्टीच नव्हती. मुळात ती व्यापारी जहाजं. विमानाला चाकांऐवजी खाली तरंगणारी होडगी. जहाज थांबवायचं, ज्या डेरिकने, म्हणजे यारीने, एरवी गाठोडी चढायची तिनेच विमान पाण्यात सोडायचं, परत आलं की पुन्हा थांबून उचलायचं. थांबलेलं जहाज पाणबुडीला आयतं सावज. समुद्र खवळला की सगळं बंद.

आणि ही करामत फक्त इंग्रजांची, असंही नाही. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची जहाजं हिंदुस्थानशी व्यापार करत. त्यातलं ‘राबेनफेल्स’ इंग्रजांनी पकडलं आणि ‘रेव्हन २’ नावाने विमानवाहू केलं. त्याच कंपनीचं ‘वाख्टफेल्स’ जर्मन नौदलाने ‘वोल्फ’ केलं. वोल्फ म्हणजे लांडगा. त्यावरच्या एकुलत्या विमानाला खलाशी लांडग्याचं पिल्लू म्हणत. हे पिल्लू आधी वर जाऊन सावज हेरायचं. जून १९१७ मध्ये पॅसिफिकमध्ये त्याने ‘वैरुना’ या जहाजावर चिठ्ठी टाकली: वायरलेस वापरू नका, जर्मन जहाजाचा हुकूम माना. वैरुनाने मानला.

याच वोल्फने फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईसमोर सुरुंग पेरले होते. त्याला हुडकायला रेव्हन २ हिंदी महासागरात फिरलं. एकाच मालकाची दोन जहाजं, एक शिकारी, एक शिकार. हाती काही लागलं नाही. जूनमध्ये पी अँड ओ कंपनीचं ‘मोंगोलिया’ मुंबईजवळ सुरुंगावर आदळून बुडालं, तेव्हा वोल्फ न्यूझीलंडच्या बाजूला होतं.