हजेरीपट कुणी वाचायचा?

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत तीनशे. कशासाठी, असं विचारलं तर दहांतले नऊ जण खांदे उडवतील. हा कर १९७५ साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागवायला. शहरातल्या टेबलावरून गावातल्या बांधबंदिस्तीवर पैसा पाठवण्याची ही सोय होती. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याच्या ज्या कल्पनेचा प्रयोग केला, ती १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७च्या कायद्याने मजुराचा हक्क झाली.

त्या योजनेचा जीव एका कागदात होता: हजेरीपट. कोण आलं, किती दिवस आलं, किती मजुरी झाली. आणि खोटेपणाही तिथेच शिरे. कधी मेलेल्या माणसाची हजेरी लागे, कधी पुण्या-मुंबईला गेलेल्याची. गावाला हे पक्कं ठाऊक असे, पण कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबाकडे.

हे कपाट उघडलं राजस्थानात. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई भरवली. युक्ती फार साधी होती. सरकारी कागदावरची नावं आणि रकमा गावासमोर मोठ्याने वाचायच्या. नाव पुकारलं की ती व्यक्ती उठून सांगणार, ‘मी त्या कामावर कधी गेलेच नाही.’ ज्याला अक्षरओळख नाही तोही असा लेखापरीक्षक होतो. हे कागद पाहण्याचा हक्क मिळावा म्हणून १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच चळवळीतली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा झाला आणि २००५ साली देशाचा आला.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातलं सतरावं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचं, आणि त्यासाठी हजेरीपट, बिलं, मोजमाप पुस्तिका सगळं तिच्यापुढे ठेवायचं. पुढे संगणक आला. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की कुणालाही गावातल्या कामाचा हजेरीपट पडद्यावर दिसू लागला. आंध्र प्रदेशाने याचा उत्तम उपयोग केला. मजूर कुटुंबांतल्याच शिकलेल्या मुलामुलींना तयार केलं. ही मुलं नोंदी घेऊन घरोघर जात, विचारत आणि फरक ग्रामसभेत वाचून दाखवत.

इथवर माहिती वरून खाली येत होती. मग वारं फिरलं.

मे २०२१ मध्ये केंद्राने मोबाइलवरून हजेरी घेणारं अ‍ॅप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सगळ्या कामांवर सक्तीचं झालं. कामाच्या जागीच, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. कल्पना वाईट नव्हती. पण मजुरी ठरते खणलेल्या मातीच्या मापावर, आणि फोटोत दिसतात माणसं. सकाळी लवकर येऊन नेमून दिलेलं काम उरकलेल्या बाईला दुसऱ्या फोटोसाठी ताटकळावं लागतं. डोंगरात रेंज नसली की फोटो चढत नाही, आणि घाम गाळूनही दिवस बुडतो.

चोरांची मात्र अडचण झाली नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून गैरप्रकारांची यादी दिली: भलतेच फोटो, प्रत्यक्ष माणसांऐवजी फोटोचाच काढलेला फोटो, नोंदीपेक्षा कमी माणसं. त्यावर उपाय काय, तर हे फोटो ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत माणसांनीच तपासायचे! यंत्रावर लक्ष ठेवायला पुन्हा कारकूनच. दिल्लीतल्या साहेबाला फोटोतली बाई कोण हे कळणार कसं? तिच्या शेजारणीला मात्र एका नजरेत कळेल.

तंत्रज्ञानावर माझा राग नाही. राजस्थान सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेलं जन सूचना पोर्टल पाहा. कोणती माहिती, कोणत्या रूपात दाखवायची, हे ठरवताना खात्यांचे अधिकारी आणि चळवळीतले कार्यकर्ते एकत्र बसले. रेशन, पेन्शन, रोजगार हमी अशी माहिती पंचायतवार मिळते, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. संगणक तोच. फरक इतकाच की इथे पडदा मजुराकडे वळवलेला आहे.

दिवाळीला गावी जाल तेव्हा एक दुपार काढा. मोबाइलवर आपल्या ग्रामपंचायतीचा एखादा जुना हजेरीपट उघडा आणि पारावर बसून नावं मोठ्याने वाचा. ऐकणारे आपोआप जमतील.