मेजावरचें गायन: कोणत्या यंत्रास किती मोल द्यावें?

एकत्र कुटुंबांत ऐकणाऱ्यांच्या आवडी अनेक असतात आणि घर मात्र एकच असतें. आजोबांना पहांटे अभंग हवे असतात, थोरल्या मुलाला रात्रीं निवांतपणें ख्याल ऐकावयाचा असतो, धाकट्यांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि माजघरांत कोणाचा तरी नुकताच डोळा लागलेला असतो. अशा घरांत हेडफोन ही केवळ चैनीची वस्तु नसून सर्वांच्या स्वास्थ्याची सोय आहे. देगलूरसारख्या तालुक्याच्या गांवींही संगणकापुढें बसून अभ्यास किंवा नोकरी करणारे तरुण आतां दिसूं लागले आहेत. त्यांच्यापैकीं ज्यांना गाण्याची खरी गोडी आहे, ते हेडफोनवर थांबत नाहींत. त्यांची दृष्टि मेजावर ठेवावयाच्या दोन यंत्रांकडे वळते. एकास बाजारांत ‘डॅक’ म्हणतात व दुसऱ्यास ‘हेडफोन ॲम्प्लिफायर’. पुष्कळदां हीं दोन्ही एकाच पेटींत असतात.

या पेटीची किंमत दीड-दोन हजारांपासून लाख-दोन लाख रुपयांपर्यंत कांहींही असूं शकते. सामाईक मिळकतीच्या घरांत एवढी रक्कम काढावयाची म्हणजे ‘हें कशासाठीं?’ असा प्रश्न वडील मंडळींकडून येणारच. आणि तो विचारणारे वडील अरसिक असतात असें मुळींच नाहीं. तरुणास त्या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां यावें आणि वडिलांस तें पटावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

यंत्र करतें काय?

संगणकांत किंवा मोबाइलांत गाणें असतें तें आंकड्यांच्या रूपानें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचें प्रमाण असें आहे कीं, दर सेकंदास ४४,१०० वेळां स्वरलहरींची उंची मोजावयाची आणि प्रत्येक वेळीं ६५,५३६ पायऱ्यांपैकीं जी जवळची असेल ती लिहून ठेवावयाची. भातखंड्यांच्या स्वरलिपींत लिहिलेली चीज गवई वाचून गातो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं ही लिपि अतिशय सूक्ष्म आहे व तींत मींडही सुटत नाहीं. ही लिपि वाचून तिच्यापासून पुन्हां विजेच्या लहरी उत्पन्न करणें हें डॅकचें काम. त्या लहरी हेडफोनचा पडदा हलविण्याइतक्या सशक्त करणें हें ॲम्प्लिफायरचें काम.

हीं दोन्ही कामें प्रत्येक मोबाइल व प्रत्येक संगणक आपल्यापुरतीं करीत असतोच. तेव्हां ‘यंत्र घ्यावें कीं नाहीं’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘आहे त्यापेक्षां नवें यंत्र कानाला काय अधिक देईल’ असा आहे. ज्यांचा हेडफोन बिनतारी आहे त्यांस तर हा प्रश्नच उरत नाहीं. बिनतारी हेडफोनच्या पोटांतच डॅक आणि ॲम्प्लिफायर बसविलेले असतात. बाहेरची पेटी त्यांच्या कामीं येत नाहीं.

दोष पूर्वीं कोठें होता?

हिंदुस्थानांत गाण्याचें पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास झालें. त्या वेळीं गाणारास कर्ण्यापुढें तोंड करून गावें लागे. विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण करण्याची पद्धति १९२५ पासून सुरू झाली, आणि १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या शेवटच्या वर्षांतील तबकड्या त्यामुळेंच इतक्या गोड वाटतात. तरीही तीन-सव्वातीन मिनिटांची ती तबकडी खरखरीवांचून कधींच वाजली नाहीं. हेडफोनची गोष्टही तशीच. अमेरिकेंत नाथॅनिएल बाल्डविन यानें १९१० सालीं आपल्या स्वयंपाकघरांत तयार केलेले हेडफोन तेथील आरमारानें घेतले, ते तारायंत्राचे संदेश ऐकण्यासाठीं, गाण्यासाठीं नव्हे.

सांगण्याचा हेतु असा कीं, त्या काळीं साखळींतील प्रत्येक दुवा कच्चा होता. आज तसें राहिलेलें नाहीं. मधले दुवे पक्के होऊन स्वस्तही झाले आहेत. कच्चे राहिले आहेत ते पहिला आणि शेवटचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण आणि कानावरचा हेडफोन. पैसा कोठें घालावा हें या एका गोष्टीवरून ठरतें.

डॅकचा हिशेब

वर सांगितलेल्या ६५,५३६ पायऱ्यांमुळें सर्वांत मोठा व सर्वांत बारीक आवाज यांत सुमारें ९६ डेसिबेलांचें अंतर राखतां येतें. आतां आपल्या खोलीचा विचार करावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पंखा बंद करून गाणें ऐकणें कोणासही शक्य नाहीं, आणि पंखा चालूं असलेल्या खोलींत ४० डेसिबेलांच्या आसपास आवाज सहज असतो. त्यावर ९६ मिळविले तर १३६ होतात. कान दुखूं लागतात ते मात्र १२० ते १३० च्या सुमारासच. म्हणजे साध्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणांतच आपल्या कानाच्या गरजेहून अधिक जागा आहे. मग ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ अशा मोठ्या आंकड्यांवर पैसे कां घालावे?

याची परीक्षाही झालेली आहे. मेयर व मोरन या दोन अमेरिकन संशोधकांनीं २००७ सालीं ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकांत आपला प्रयोग प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाचें ध्वनिमुद्रण एकदां जसेंच्या तसें, आणि एकदां कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणांतून गाळून, असें ऐकवून त्यांनीं ऐकणारांस ओळखावयास लाविलें. एकंदर ५५४ वेळांपैकीं २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडविलें असतें तरी इतकेंच आलें असतें! शांत जागीं आवाज अतोनात वाढविल्यावर मात्र सूक्ष्म खरखर ऐकूं येई. पण तशा आवाजांत पुढें गाणें सुरू झालें तर तें सोसवणार नाहीं.

याचा अर्थ सर्व डॅक सारखेच असतात असा नव्हे. संगणकाच्या आंत बसविलेल्या स्वस्त भागांतून पुष्कळदां बारीक चिरचिर किंवा गुणगुण येते, आणि बाहेरचा साधा डॅक लावतांच ती जाते. तेवढ्यापुरता तो घेणें सर्वथा योग्य आहे. मात्र गुणगुण नंतरही राहिली तर नवें यंत्र घेण्यापूर्वीं घराची अर्थिंग तपासून घ्यावी. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष विजेच्या जोडणींत आहे, डॅकमध्यें नाहीं. हें काम गांवचा चांगला वायरमन थोडक्या पैशांत करून देतो.

ॲम्प्लिफायरचा हिशेब

ॲम्प्लिफायरची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्याची गरज हेडफोनवर अवलंबून असते. उदाहरणानें हें स्पष्ट होईल. सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ पासून प्रसिद्ध आहे. त्याचा विद्युत्-विरोध ३०० ओहम असून १ व्होल्ट दिला असतां तो ९७ डेसिबेल आवाज देतो. व्होल्ट दुप्पट केले कीं ६ डेसिबेल वाढतात; म्हणजे २ व्होल्टांस १०३ आणि ४ व्होल्टांस १०९. गाण्यांतील एखाद्या क्षणाच्या उसळीसही १०९ डेसिबेल पुरून उरतात, आणि त्यास शक्ति लागते ती सुमारें ५३ मिलिवॅट. उलटपक्षीं हायफायमॅनचा एचई-६ हा सपाट पडद्याचा हेडफोन १ मिलिवॅटला अवघे ८३.५ डेसिबेल देतो. तेवढ्याच १०९ डेसिबेलांसाठीं त्यास सुमारें ३५० मिलिवॅट, म्हणजे जवळजवळ सातपट शक्ति लागते. पहिल्यास साधें यंत्र पुरेल. दुसऱ्यास बळकटच पाहिजे. आणि मोबाइलसाठीं बनविलेले हलके हेडफोन असले तर बहुधा कांहींच नको.

दुसरा आंकडा पाहावयाचा तो यंत्राच्या स्वतःच्या विरोधाचा. हेडफोनच्या विरोधाच्या आठव्या हिश्शाहून तो अधिक नसावा, असा जाणत्यांचा नियम आहे. ३२ ओहमांचा हेडफोन असेल तर यंत्राचा विरोध ४ ओहमांच्या आंत असावा. तसें नसल्यास कांहीं स्वर फुगतात, कांहीं दबतात. आणि विकणारा त्यालाच ‘ऊबदार सूर’ म्हणून वाखाणतो. हे दोन आंकडे ज्या यंत्राच्या माहितीपत्रांत नाहींत, तें यंत्र कितीही देखणें असलें तरी घेऊं नये.

खरा पैसा कोठें घालावा?

आमच्या मतें रुपयांतले बारा आणे हेडफोनला द्यावे, तीन आणे डॅक व ॲम्प्लिफायर मिळून द्यावे आणि एक आणा हातीं राखावा. दोन चांगल्या डॅकमधील फरक शोधूनही सांपडत नाहीं. दोन हेडफोनांतील फरक पहिल्या तानेलाच कळतो.

हेडफोनची निवड करतांना देगलूरकरांस एक मोठा लाभ आहे. महाग हेडफोन कानाला लावून पाहावयाचे तर मोठें शहरच गांठावें लागतें, हें खरें. परंतु हें गुंडा महाराजांच्या परंपरेचें गांव. धुंडा महाराज देगलूरकरांची कीर्तन-प्रवचनें साऱ्या महाराष्ट्रानें ऐकलीं. येथील मंडळींच्या कानांत मृदंगाचा धुमारा, टाळांची किणकिण आणि वीणेचा झंकार लहानपणापासून भरलेला आहे. खऱ्या वाद्याचा नाद ज्यास ठाऊक आहे, त्यास माहितीपत्रांतील विशेषणांची गरज काय? मृदंगाची डावी बाजू नुसती गुरगुरत नाहीं ना, टाळ कानांत सुयांसारखे टोचत नाहींत ना, तंबोऱ्याची जवारी वेगळी उमटते कीं गायकाच्या आवाजांत बुडून जाते, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी निवड चुकावयाची नाहीं. शिवाय हेडफोन तासभर डोक्यावर ठेवून पाहावा. कान तापणें व कानशिलें दुखणें हे दोष पहिल्या पांच मिनिटांत कळत नाहींत.

घरांतल्या घरांत परीक्षा

महाग यंत्र हातीं आल्यावर तें परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं त्याची परीक्षा करावी. ही परीक्षा एकट्यानें होत नाहीं. येथेंच मोठें कुटुंब उपयोगी पडतें. दोन्ही यंत्रांचा आवाज प्रथम व्होल्टमापकानें अगदीं सारखा करून घ्यावा. जें किंचित् मोठें वाजतें तेंच कानाला चांगलें वाटतें, आणि दुकानदार हें जाणून असतात. नंतर वहिनींनीं अथवा चुलतभावानें आडोशाला बसून यंत्रें बदलावीं, क्रम नाणें उडवून ठरवावा व कागदावर लिहावा. ऐकणारानें कोणतें यंत्र चालूं आहे तें सांगावें. असें १६ वेळां करावें. १२ किंवा अधिक वेळां बरोबर येणें नुसत्या दैवानें शंभरांत चारदांही घडत नाहीं. म्हणून तितकें बरोबर आलें तर फरक खरा मानावा. आठ-नऊच आलें, तर पैसे परत घ्यावे. या परीक्षेनें वडिलांचाही संशय फिटतो आणि घरांत करमणूकही होते.

कानाची मर्यादा

बळकट ॲम्प्लिफायर घरांत आणतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढांनीं ८० डेसिबेलांत आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबेलांची आहे. दर ३ डेसिबेल वाढीमागें वेळ निम्म्यावर येतो. ८३ डेसिबेलांस २० तास, ८६ स १०, आणि ८९ स केवळ ५. यंत्र बिघडलें तर नवें मिळतें. आवाजानें मेलेल्या कानांतील सूक्ष्म पेशी मनुष्यास पुन्हां येत नाहींत. तसेंच आजोबांना नीट ऐकूं येत नाहीं म्हणून त्यांच्या कानाला मोठा आवाज लावून देणें हा उपाय नव्हे. त्यांची श्रवणचिकित्सा करून घ्यावी.

एका आण्याचा उपयोग

आतां हातीं राखलेल्या एका आण्याविषयीं. ज्या घरांत जुन्या कीर्तनांच्या, भजनांच्या किंवा घरच्याच वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनीं तो पैसा त्यांवर खर्च करावा. फितीवरचा चुंबकीय थर वर्षांगणिक झिजतो, आणि ती वाजविणारीं यंत्रेंही दुर्मिळ होत चाललीं आहेत. त्यासाठीं चालूं स्थितींतील एक कॅसेट प्लेअर आणि डॅकच्या उलट काम करणारा, म्हणजे स्वरांचे आंकडे करणारा, एक साधा जोड पुरतो. मूळ फीत जपून ठेवावी, नकलेच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या आणि प्रत्येकीवर गाणाराचें नांव, गांव व साल लिहावें.

लाखाचा डॅक पुढल्या वर्षींही बाजारांत मिळेल, आणि बहुधा आजच्याहून स्वस्त. आजीच्या आवाजांतली भूपाळी मात्र त्या एकाच फितीवर आहे.