गाणे गाजते, गीतकार कुठे जातो?

१९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढे गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. रेकॉर्डचा खप आणि श्रोतासंघांचा कौल यांवर गाण्याची पायरी ठरे. ज्याच्या घरी रेकॉर्ड नाही, रेडिओही नाही, त्याची आवड या मोजणीत येतच नव्हती. आमच्या वस्त्यांत मात्र त्याच काळात भीमगीते गाजत होती. ती कशाच्या बळावर?

पहिले बळ चालीचे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आणि त्यांच्या पिढीच्या शाहिरांनी लोकगीतांच्या, सिनेमाच्या चाली बिनदिक्कत घेतल्या. अभिजनांना ही उसनवारी वाटते. पण ज्याला अक्षर येत नाही त्याची चाल हीच वही असते. चाल आधीच ठाऊक असली की कान सगळा शब्दांकडे लागतो. दुसरे बळ ध्रुपदाचे. ते आखूड असते, कोरसात परत परत येते. दुसऱ्या फेरीला ऐकणारा गाणारा होतो. तिसरे बळ प्रसंगाचे. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, लग्न, बारसे, बुद्धपौर्णिमा. सिनेमाचे गाणे वर्षभराने जुने होते, या गाण्यांना दरसाल नवे निमित्त मिळते.

चौथे बळ माणसांचे. मी बीड जिल्ह्यात शिकवतो. इथून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोयत्याबरोबर गाणेही जाते. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली, आता मोबाइल आहे. पण वाहणारा माणूस तोच.

बायकांचा वाटा याहून जुना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. जात्यावर बसलेल्या बाईने जे आपले मानले, त्याला दुसऱ्या कोणाच्या शिक्क्याची गरज उरत नाही. गाणे गाजणे याचा आमच्याकडचा अर्थ हाच: ऐकणाऱ्याने ते आपले म्हणून गाणे.

पण इथेच खरा प्रश्न आहे. गाणे सर्वांचे झाले की ज्याने लिहिले त्याचे राहत नाही. आमचे शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. मिरवणुकीत पहिली दोन कडवी होतात आणि शेवटचे गळते. त्याबरोबर नावही गळते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा मानधनातला वाटा पक्का झाला. पण वाटा मागायला गाणे आपले असल्याचा पुरावा लागतो, आणि वहीत लिहून गावोगाव गाणाऱ्या शाहिराकडे कसला करारनामा असणार? ज्यांचे श्रम आजवर बेनामी राहिले, त्यांचे शब्दही बेनामी व्हावेत, आणि तेही आपल्याच हातून, हे आपल्याला चालणार आहे काय?

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक काम देतो: आपल्या वस्तीत गाजलेले गाणे घ्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा आणि त्याचे शेवटचे कडवे लिहून आणा.